टाचेचं हाड मोडलं: मोठा छेद, लहान छेद की नुसतं प्लास्टर?

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. एका तरुणाने त्याच्या दाजींबद्दल विचारलं आहे. दाजींचं वय 42. आंबे उतरवताना शिडी सरकली आणि दहा-बारा फुटांवरून ते जांभ्याच्या कातळावर, सरळ उजव्या टाचेवर पडले. आज नववा दिवस. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘सँडर्स टाइप 3’ आणि ‘बोहलर कोन 4 अंश’ असं लिहिलं आहे. एका सर्जननी बाहेरच्या बाजूने मोठा एल आकाराचा छेद घेऊन प्लेट बसवू असं सांगितलं. दुसऱ्यांच्या मते घोट्याखालच्या दीड-दोन इंचांच्या छेदातून काम होईल. गावातल्या जुन्या डॉक्टरांचं म्हणणं, टाचेला सुरी लावूच नका, प्लास्टरमध्ये ठेवा. साखर नाही, बीपी नाही, पण बिडी आणि तंबाखू रोजची. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

तिघांच्याही म्हणण्याला आधार आहे, आणि तुमची पंचाईत त्यामुळेच झाली आहे. मी बावीस वर्षं हाडांच्या शस्त्रक्रिया करतो आहे, त्यातली बरीचशी कोकणपट्टीत. माडावरून, आंब्यावरून, परांचीवरून पडलेल्या टाचा इथे दर हंगामाला येतात. इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट अशी की टाचेच्या ऑपरेशनमध्ये हाड कसं मोडलं आहे याच्याइतकाच, कधीकधी जास्तच, हाडावरची कातडी कशी आहे याचा विचार करावा लागतो. मांडीवर भरपूर मांस असतं. टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसतं. ती कातडी मेली तर खालची प्लेट उघडी पडते, जंतू हाडात शिरतात, आणि मग उत्तम बसवलेल्या हाडाचाही उपयोग राहत नाही. मोठा छेद की लहान, हा वाद मुळात इथून सुरू होतो.

आता आत काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे सर्जनांशी बोलताना सोपं जाईल. टाचेचं हाड म्हणजे कॅल्केनियस. ते आतून पावासारखं जाळीदार असतं आणि बाहेरून पातळ कवचाचं. त्याच्या डोक्यावर टॅलस नावाचं हाड बसतं, आणि दोघांमधल्या सांध्याला सबटॅलर सांधा म्हणतात. खडकाळ पायवाटेवर, बांधावर, उताराच्या रस्त्यावर पाऊल आत-बाहेर झुकवून आपण तोल सावरतो तो या सांध्याच्या जिवावर. माणूस उंचावरून टाचेवर पडला की अंगाचं सगळं वजन टॅलसमधून खाली येतं, आणि टॅलसची बाहेरची टोकदार कड लाकडात पाचर घुसावी तशी टाचेच्या हाडात घुसते. हाड उभं फाटतं. आतल्या बाजूचा एक तुकडा लिगामेंटमुळे, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांमुळे, टॅलसला चिकटून जागच्या जागी राहतो. त्याला आम्ही ‘कॉन्स्टंट’ तुकडा म्हणतो, कारण बाकी सगळं हललं तरी तो बहुतेक वेळा हलत नाही. सांध्याचा बाहेरचा भाग मात्र खाली रुततो, बाहेरची भिंत फुगून घोट्याच्या हाडाखाली दाबते, आणि मागचा मोठा तुकडा वर सरकून आत झुकतो.

म्हणजे टाच एकाच वेळी बुटकी, रुंद आणि वाकडी होते. सांध्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो तो वेगळाच. लोक फक्त ‘हाड मोडलं’ एवढंच ऐकतात, पण पुढे आयुष्यभर त्रास देतात त्या या चार गोष्टी. रुंद झाली म्हणून चप्पल-बुटात पाय बसत नाही आणि बाहेरच्या बाजूचे टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, भिंत आणि घोट्यामध्ये चिरडले जातात. बुटकी झाली म्हणून घोटा पुढून अडतो, आणि जिना चढताना, उकिडवं बसताना ते जाणवतं. वाकडी झाली म्हणून चप्पल एका बाजूनेच झिजते.

बोहलर कोन म्हणजे एक्स-रेवर बाजूने दिसणारी टाचेची उंची मोजण्याची रीत. ऑस्ट्रियातले सर्जन लोरेंझ बोहलर यांच्या नावाने ती ओळखली जाते. निरोगी टाचेत हा कोन साधारण 20 ते 40 अंश असतो. दाजींचा 4 आहे, म्हणजे टाच चांगलीच खचली आहे. सँडर्स वर्गीकरण 1993 मधलं. सीटीच्या उभ्या कापांत सांध्याच्या मागच्या पृष्ठभागाचे किती तुकडे झाले ते त्यात मोजतात. टाइप 1 म्हणजे भेग आहे, पण तुकडे सरकलेले नाहीत. टाइप 2 मध्ये दोन तुकडे, टाइप 3 मध्ये तीन, त्यातला मधला बहुधा खाली रुतलेला. टाइप 4 म्हणजे चार किंवा जास्त, अक्षरशः चुरा. दाजी मधल्या गटात आहेत. सर्जन-सर्जनांमध्ये सगळ्यात जास्त मतभेद याच गटात होतात, हे ध्यानात ठेवा. टाइप 1 किंवा टाइप 4 असता तर तुम्हाला कदाचित तीन उत्तरं मिळाली नसती.

आता तो मोठा छेद. त्याचं शास्त्रीय नाव एक्स्टेन्साइल लॅटरल. पेशंटला कुशीवर झोपवतात. एक रेघ उभी, घोट्याच्या मागून, टाचेच्या मोठ्या शिरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या, जवळून खाली येते. दुसरी आडवी, तळव्याची जाड कातडी आणि वरची मऊ कातडी जिथे मिळतात त्या कडेने पुढे जाते. दोन्ही मिळून एल. या एलच्या आतली कातडी, चरबी, टेंडन, सुरल नस (पावलाच्या बाहेरच्या कडेला संवेदना देणारी), सगळं एकाच जाड थरात हाडापासून सोलून वर उचलतात. थर सुटे करायचे नाहीत, चिमट्याने कातडीच्या कडा चिरडायच्या नाहीत. टॅलसमध्ये आणि घोट्याच्या हाडात तारा रोवून त्या वाकवतात, म्हणजे उचललेला पदर त्यांनीच धरला जातो आणि माणसाच्या हाताने ताणावा लागत नाही. मग बाहेरची फुटलेली भिंत डब्याच्या झाकणासारखी उघडते आणि आतला सगळा पसारा समोर दिसतो. मागच्या तुकड्यात जाड पिन घालून तो खाली आणि सरळ ओढायचा, रुतलेला सांधा उचलून आतल्या तुकड्याशी जुळवायचा, तात्पुरत्या तारा, मग भिंत बंद, वर प्लेट.

हा रस्ता 1990 च्या दशकात जगभर रुळला, आणि त्याचं कारण खरं होतं. त्यातून जितकं दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याही वाटेने दिसत नाही. मी स्वतः टाच शिकलो ती याच छेदातून. नवीन सर्जनला टाचेची त्रिमिती रचना डोक्यात बसवायला अजूनही यापेक्षा चांगली वाट नाही.

अडचण त्या एलच्या कोपऱ्यात आहे. पायाच्या बाहेरच्या बाजूने येणारी एक बारीक धमनी या पदराला, विशेषतः त्या कोपऱ्याला, रक्त पुरवते. उभी रेघ थोडी पुढे गेली तर ती कापली जाते. रेघ बरोबर असली तरी सुजलेल्या, बिडीने आकसलेल्या रक्तवाहिन्यांच्या पायात तो कोपरा कायम काठावरच असतो. अमेरिकेतल्या 190 टाचांच्या एका अभ्यासात, 1999 मध्ये, जखमेचा काही ना काही त्रास चारातल्या एकाला झाला. धूम्रपान, मधुमेह आणि उघडी जखम ही तीन कारणं त्यात ठळक निघाली.

हे आकडे वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक पेशंट, नारळ पाडणारा, तिशीतला. हाड सुरेख बसलं होतं, एक्स-रे बघून मी खूश होतो. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तर एलच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा जांभळा डाग. दाबल्यावर तिथला रंग बदलतच नव्हता. दहाव्या दिवशी तो काळा झाला. तीन आठवड्यांनी काळं कातडं सुटलं आणि तळाशी प्लेटची चकाकी दिसली. मग जखम धुणं, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक, प्लेट काढणं, प्लास्टिक सर्जनकडून मांस-कातडी आणून झाकणं. दोन हंगाम तो झाडावर चढला नाही. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर मी त्याची बिडी सोडवायचा आग्रह धरला नव्हता, आणि पायाची सूज पुरती उतरायच्या आत त्याला टेबलावर घेतलं होतं. ती चूक माझी होती. त्यानंतर टाचेला हात लावायच्या आधी मी कातडी बघतो, मगच सीटी.

ती बघायची कशी, हे तुम्हीही घरी करू शकता. पाऊल वर, पेशंटच्या नडगीकडे हलकेच वळवायचं आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बघायची. बारीक सुरकुत्या पडल्या तर सूज उतरते आहे. कातडी फुग्यासारखी ताणलेली, चकाकती असेल तर थांबायचं. फोड आले असतील तर ते सुकू द्यायचे. रक्ताने भरलेले काळसर फोड पाण्याच्या फोडांपेक्षा जास्त काळजीचे, त्यांच्या जागेवरून छेद घेऊ नये. सुरकुत्या यायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. दुसरीकडे तीन आठवडे उलटले की तुकडे एकमेकांना चिकटू लागतात आणि ते सुटे करणं कठीण होतं. म्हणजे घाई करायची नाही आणि रेंगाळायचंही नाही. नवव्या दिवशी तुम्ही अगदी योग्य जागी उभे आहात.

दुसऱ्या सर्जनांचा लहान छेद म्हणजे सायनस टार्साय. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकापासून पावलाच्या चौथ्या बोटाच्या दिशेने तीन-चार, फार तर पाच सेंटिमीटरची तिरकी रेघ. टेंडन जपून खाली सारायचे, सुरल नस सांभाळायची, आणि तिथली चरबी बाजूला केली की सबटॅलर सांध्याचा मागचा पृष्ठभाग थेट समोर येतो. मला ही वाट आवडते ती याच कारणाने. ज्या जागेवर काम करायचं आहे, बरोबर तिथेच ती उघडते. रक्त पुरवणारी ती धमनी मागे सुरक्षित राहते, मोठा पदर उचलावाच लागत नाही. सांधा डोळ्यांनी बघून उचलायचा, आणि मागचा तुकडा मात्र टाचेत वेगळी पिन घालून, सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत, खाली आणि सरळ करायचा. मग बाहेरून आतल्या ‘कॉन्स्टंट’ तुकड्यात स्क्रू, गरजेप्रमाणे छोटी प्लेट, आणि टाचेच्या मागून पुढे लांब स्क्रू.

दोन्ही वाटांची तुलना अनेकांनी केली आहे. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने 112 टाचा तपासल्या. त्यांतल्या 79 मोठ्या छेदाच्या आणि 33 लहान छेदाच्या. जखमेचा त्रास पहिल्या गटात 29 टक्के, दुसऱ्यात 6 टक्के. चालणं, दुखणं आणि एक्स-रेवरचा आकार यांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. पेशंटची वाटणी त्यांनी चिठ्ठ्या टाकून केली नव्हती, त्यामुळे या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. पण नंतरच्या तुलनांचा कलही तसाच निघाला आहे, आणि माझ्या स्वतःच्या वॉर्डातला अनुभव त्याच दिशेचा आहे. हाड बसवण्यात लहान छेद कमी पडत नाही, आणि जखमेच्या बाबतीत तो उजवा ठरतो.

तरीही लहान छेद म्हणजे लहान ऑपरेशन, असं समजू नका. पेशंटच्या नातेवाइकांचा हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. दिसतं कमी, म्हणून सर्जनच्या डोक्यात चित्र पक्कं असावं लागतं. मागचा तुकडा पूर्ण दिसत नाही. तो वाकडा राहिला तर बाहेरून सुंदर दिसणाऱ्या व्रणाखाली वाकडी टाच राहते. स्क्रू आतल्या तुकड्याच्या पलीकडे दोन-चार मिलिमीटर जास्त गेला तर तिथून जाणाऱ्या अंगठ्याच्या टेंडनला टोचतो. ऑपरेशननंतर अंगठा हलवताना टाचेच्या आतल्या बाजूला कळ येत असेल तर सर्जनना जरूर सांगा. आणि वेळ. ही वाट पहिल्या दोन आठवड्यांत चांगली चालते. अठराव्या-विसाव्या दिवशी तुकडे चिकटू लागले की इतक्या लहान जागेतून ते सुटे करणं फार अवघड जातं, तेव्हा मोठा छेदच बरा. सांध्याचे बरेच तुकडे, पुढच्या टोकाचाही चुरा, बाहेरच्या भिंतीचे तुकडेच तुकडे, अशा टाचेत मी आजही मोठ्या छेदाकडे वळतो, अर्थात कातडी चांगली असेल तर.

याहून लहान वाटही आहे. छेद न घेता कातडीतून नुसत्या टोचण्या करून पिन आणि स्क्रू घालायचे. सगळ्यात जास्त उपयोग ‘जिभेच्या’ प्रकारात होतो. 1952 मध्ये ब्रिटिश सर्जन एसेक्स-लोप्रेस्टी यांनी टाचेच्या फ्रॅक्चरचे दोन मोठे प्रकार सांगितले. एकात सांध्याचा तुकडा एकटाच खाली रुततो. दुसऱ्यात तो मागच्या तुकड्याला लांब जिभेसारखा जोडलेलाच राहतो. अशा जिभेत मागून जाड पिन घालून पहारीने दगड उचलावा तशी ती उचलता येते. दाजींचा प्रकार तीन तुकड्यांचा असल्यामुळे नुसत्या टोचण्यांनी सांधा बरोबर बसेल असं मला वाटत नाही. पण या जिभेच्या प्रकाराबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठी सांगून ठेवतो. वर ओढलेली जीभ कधीकधी टाचेच्या मागच्या कातडीला आतून दाबते. तिथली कातडी पांढरी किंवा जांभळी, ताणलेली दिसली तर सात दिवस थांबायचा नियम तिथे लागू नाही. ती टाच त्याच दिवशी, त्याच रात्री बसवावी लागते. सकाळपर्यंत थांबून कातडी गमावलेली मी पाहिली आहे.

आता गावातल्या डॉक्टरांचं म्हणणं. ते जुनाट म्हणून सोडून देऊ नका. 2002 मध्ये कॅनडात अनेक केंद्रांनी मिळून ऑपरेशन आणि बिनऑपरेशन यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण गट पाडल्यावर तरुण माणसं, स्त्रिया, आणि कामाच्या जागी झालेल्या दुखापतीचा दावा ज्यांचा चालू नव्हता असे लोक, यांना ऑपरेशनचा फायदा दिसला. ज्यांचं ऑपरेशन झालं नव्हतं त्यांना पुढे सांधा कायमचा जोडून टाकण्याची, म्हणजे त्याची हालचाल बंद करण्याची, शस्त्रक्रिया कितीतरी जास्त वेळा लागली. 2014 मध्ये ब्रिटनमधल्या 22 रुग्णालयांत 151 पेशंटवर तशीच चाचणी झाली. दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं दोन्हीकडे सारखंच. गुंतागुंत आणि पुन्हा ऑपरेशन मात्र ऑपरेशन झालेल्यांत 23 टक्के, न झालेल्यांत 4. हा निकाल आला तेव्हा आमच्यात बरीच खळबळ झाली, आणि काहींनी टाचेची ऑपरेशनं जवळजवळ बंद केली.

पण ती चाचणी नीट वाचायला हवी. तिथली सगळी ऑपरेशनं त्याच मोठ्या एल छेदातून झाली होती. आणि ज्यांची टाच फारच बेढब झाली होती, भिंत घोट्याला जाऊन टेकली होती, असे पेशंट त्यात घेतलेच नव्हते. म्हणून ‘ऑपरेशनचा उपयोग नाही’ हा त्याचा अर्थ मी काढत नाही. मी एवढाच काढतो की मध्यम विस्कटलेल्या टाचेवर मोठा छेद घेऊन जखमेचा धोका पत्करणं बहुतेकांना परवडत नाही. दाजींचा पाय नीट बघा. दोन्ही टाचा मागून एकत्र बघितल्या तर उजवी किती रुंद आहे, घोट्याच्या हाडाखालची खळगी भरून आली आहे का? सीटीच्या उभ्या कापात बाहेरची भिंत घोट्याच्या टोकाला टेकली आहे का, हे सर्जनना विचारा. टेकली असेल तर प्लास्टरमध्ये ठेवून ती आपोआप आत जाणार नाही.

ऑपरेशनच्या बाजूने माझं मुख्य कारण सांध्याचं नाही, आकाराचं आहे. असा सांधा कितीही छान बसवला तरी काहींचा पुढे झिजतोच, कारण पडताक्षणीच त्यावरच्या गुळगुळीत थराला मार बसलेला असतो. पण टाच उंचीला, रुंदीला आणि सरळपणाला बरोबर असेल तर पुढे सांधा जोडून टाकायची वेळ आली तरी ते काम सोपं असतं. तोच सांधा बुटक्या, वाकड्या जुळलेल्या टाचेत जोडायचा म्हणजे आधी हाड कापा, उंची आणा, बाहेरची भिंत तासा. असे पेशंट आधी ऑपरेशन झालेल्यांच्या मानाने मागे राहतात, जखमाही त्यांच्या जास्त चिघळतात.

टाइप 4 मध्ये काही सर्जन पहिल्याच वेळी सांधा जोडून टाकतात. दाजींना आज त्याची गरज दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. आतल्या बाजूने जाणारी वाटही आहे. ती मुख्यतः आतला तुकडा एकटाच मोडला असेल तेव्हासाठी.

मग माझं मत. पेशंट न तपासता दिलेलं मत आहे हे धरूनच वाचा. 42 वर्षांचा, कष्टाचं काम करणारा माणूस, कोन 4 अंशांवर आलेला, टाइप 3, नववा दिवस. कातडीवर सुरकुत्या येत असतील आणि आजपासून बिडी-तंबाखू खरोखर बंद होत असेल तर मी सायनस टार्सायच्या लहान छेदातून करीन, येत्या चार-पाच दिवसांत. तंबाखू चघळण्यातही निकोटिन आहे, मिसरीतही आहे. ‘बिडी सोडली, नुसता विडा खातो’ याने कातडीला फरक पडत नाही. ते सुटत नसेल तर मी मोठा छेद घेणारच नाही, आणि लहान छेदाचाही दोनदा विचार करीन.

पण माझ्या मतापेक्षा एक गोष्ट मोठी आहे. ज्या सर्जनना जी वाट हातची आहे, त्यांच्या हातून ती वाट चांगली होते. पहिले सर्जन मोठ्या छेदातून वर्षानुवर्षं टाचा बसवत असतील आणि त्यांच्या जखमा भरत असतील, तर त्यांना आयुष्यातला पहिला लहान छेद दाजींच्या पायावर घ्यायला लावू नका. दोघांनाही सरळ विचारा. अशा टाचा वर्षाला किती करता, मागच्या काही पेशंटच्या जखमा कशा भरल्या, हाड लहान छेदातून बसलं नाही तर टेबलावर काय करणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. खर्चाचा भार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे काम बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारून घ्या, कागदपत्रांत दिवस जातात आणि तुमच्याकडे दिवस मोजके आहेत.

पुढचे महिने कसे जातील तेही माहीत असू द्या. वाट कोणतीही असो, पाय टेकवायचा नाही. साधारण आठ ते बारा आठवडे वॉकर किंवा कुबड्या. टाके दोन-तीन आठवडे राहतात, आणि घाई करून काढलेले टाके उसवलेले मी पाहिले आहेत. जखम कोरडी झाली की घोटा वर-खाली आणि पाऊल आत-बाहेर हलवायला सुरुवात करायची, दुखलं तरी थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. ऑपरेशन न करता राहिलात तरी हा व्यायाम हवाच. बारा आठवडे पक्क्या प्लास्टरमध्ये पाय बांधून ठेवणं हा बिनऑपरेशनचा उपचार नव्हे, त्याने सांधे जखडतात. संध्याकाळची सूज सहा-आठ महिने येते-जाते. सुधारणा वर्ष-दीड वर्ष चालू राहते. सपाट रस्त्यावर बहुतेक जण चांगले चालतात. बांधावर, कातळावर, शिडीच्या गोल दांडीवर मात्र टाच पूर्वीसारखी वळत नाही, आणि झाडावर चढण्याचं काम अनेकांना बदलावं लागतं. हे दाजींना आत्ताच, तुमच्या ताईसमोर बसून सांगा. सहा महिन्यांनी एकट्याला कळलं तर माणूस फार खचतो.

आज रात्रीपासून करायचं ते असं. पाय छातीपेक्षा वर, गुडघ्याखाली आणि पोटरीखाली उश्या, टाच अधांतरी. टाचेखाली उशी दाबली तर तिथेच फोड येतो. बर्फ कापडातून, दहा-पंधरा मिनिटं, स्लॅबच्या (अर्ध्या प्लास्टरच्या) कडेने. घट्ट बांधलेली क्रेप पट्टी बोटं निळी करत असेल तर लगेच सैल करून घ्या. तेलाने चोळणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं, दोन्ही नको.

आणि तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही. टाचेवर पडलेल्या दहातल्या साधारण एकाच्या कमरेचा मणकाही मोडलेला असतो, आणि टाचेच्या कळांपुढे तो पहिले काही दिवस बोलत नाही. दुसरी टाचही तशीच बघावी लागते. दाजींना कुशीवर वळवा, पाठीच्या मधल्या रेषेवर बोटाने वरून खाली हळूहळू दाबत या. एका ठरावीक जागी ते दचकले, किंवा पायाला मुंग्या, लघवीला त्रास असं काही म्हणाले, तर त्यांना तसंच सपाट झोपवून आजच कमरेचा एक्स-रे काढून घ्या. टाचेचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.